आवाज न करता

दार धरलं त्यानं, एवढंच झालं. इमारतीचं खालचं, रस्त्याकडचं दार. समोरून एक माणूस येत होता, दोन्ही हातांत भलंमोठं खोकं, वरून हनुवटीनं दाबून धरलेलं, आणि दादा कामाला निघाला होता. दादा, म्हणजे आपणही त्याला दादाच म्हणू, त्याची बहीण म्हणते तसं, पाठीनं दार रेटून उभा राहिला, अंग चोरून भिंतीला टेकला आणि म्हणाला, "या, या, सावकाश." माणूस म्हणाला, "फार उपकार झाले," आणि जिना चढून गेला. पुढं बस आली, गर्दी असूनही खिडकीजवळची जागा मिळाली, शेजारी एक लठ्ठ गृहस्थ येऊन बसले आणि बसल्या बसल्या घोरायला लागले, आणि बस पुलावर चढली तेव्हा दादाच्या काळजात धस्स झालं. त्या माणसानं पाट्या वाचल्या नव्हत्या. आत शिरल्यावर उजव्या हाताला घंट्यांची बटणं आहेत, प्रत्येकापुढं नावाची पाटी आहे, नवखा माणूस तिथं थबकतोच. हा थबकला नाही. ओझं सांभाळत सरळ वर गेला, आणि वर दादाच्या घरात ढमी एकटी झोपलेली होती.

ढमी दादाची धाकटी बहीण. लहानपणी घरभर असे पाय आपटत हिंडायची की खालच्या मजल्यावरच्या बाई झाडूच्या दांड्यानं छताला ठोकायच्या, म्हणून ढमी. बोलणं म्हणजे भांडण वाटावं असा आवाज, हसली की शिंकल्यासारखी हसायची. ती ढमी थंडीच्या सुरुवातीला एका दुपारी एक पिशवी घेऊन दादाच्या दारात उभी राहिली, आणि "येऊ का?" असं इतक्या हळू म्हणाली की दादानं "काय?" म्हणून विचारलं. नवऱ्याकडून निघून आली होती. का, ते तिनं सांगितलं नाही आणि दादानं विचारलं नाही. एक वाक्य मात्र ती पहिल्या संध्याकाळी आपणहून बोलली होती, "तो कधी ओरडला नाही, दादा," आणि मग बराच वेळ मनगट चोळत बसली. दादाला वाटलं, अजून नवऱ्याची बाजू घेतेय. दुसऱ्या दिवशी तो तिला आपल्या इस्पितळात घेऊन गेला, कारण तो तिथं एक्स-रे काढायच्या खोलीत काम करतो, आणि मनगटाचा फोटो त्यानं स्वतःच काढला. हाड एकदा मोडून वेडंवाकडं जुळलेलं होतं. "हाताला काही झालं होतं का गं?" "पडले होते." माणूस सांगत नसेल तर खोदून विचारू नये, हे आईनं दोघांच्या अंगात भिनवलेलं. आईचं घर म्हणजे सभ्यपणाची शाळा होती. पाहुण्याच्या आधी पाण्याला हात लावायचा नाही, दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही, झोपलेल्या माणसाजवळून मांजराच्या पावलानं जायचं. दादा त्या शाळेत पहिला आला. ढमी कायम नापास.

आणि जावई त्या शाळेचा जणू मुख्याध्यापक. आई खोलीत आली की उठून उभा राहायचा. खुर्ची मागं ओढून द्यायचा, पण फरशीवर खुर्चीचा आवाज होऊ द्यायचा नाही. "आपण आधी," "आपल्याला त्रास होणार नसेल तर," "फार उपकार झाले." आई हरखून जायची. माणूस नव्हे, लोणी आहे म्हणायची. दादालाही तो मनापासून आवडला होता, आपल्यासारखाच कुणीतरी घरात आला असं वाटलं होतं, आणि आता बसमध्ये ही आठवण आली तसे त्याच्या हातांचे तळवे ओले झाले. फार उपकार झाले. असं हल्ली कोण बोलतं? थँक्यू म्हणतात, किंवा नुसती मान हलवतात. खोकंवाला माणूस ढमीचा नवरा नव्हता, हे खरं. उंची वेगळी, चेहरा वेगळा. पण ढमीचा नवरा स्वतः कशाला येईल? तो माणसं पाठवतो. गेल्याच आठवड्यात आईचा फोन आला होता, खुशीत होती. एक गृहस्थ येऊन गेले, फळांची करंडी घेऊन, ढमीची खुशाली विचारायला. "इतका चांगला माणूस रे. पायपुसण्याला बूट पुसून पुसून आत आला. तीनदा विचारलं त्यानं, तुमची परवानगी आहे ना." "आई, पत्ता सांगितलास का?" "छे! पत्ता कशी सांगेन? एवढी मी बावळट वाटले तुला? फक्त म्हटलं, भावाकडं आहे, नदीपलीकडं." दादानं त्यावर, "बरं केलंस," असं म्हटलं होतं. आईला काय बोलणार?

उतरायला हवं होतं. पुढच्या थांब्यावर उतरून, पलीकडची बस पकडून, घरी. ढमीला दार लावून घ्यायला वेगळी खोलीही नव्हती, सगळ्या घराचं मिळून एकच बाहेरचं दार, आणि त्याला आतून कडी नव्हती घातलेली. कडी आहे, चांगली जाडजूड आहे. पण दादानंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, कडी नको घालूस, मी आलो की तुला उठायला लागेल, माझ्याकडं किल्ली आहे, मी माझा येईन. तिला रात्री झोप लागत नसे, दिवसा लागे, ती मोडू नये म्हणून. आता त्या दाराला नुसतं लॅच होतं, आणि लॅच काय, चाकूच्या पात्यानं सरकतं. दादा अर्धवट उठला. शेजारचे लठ्ठ गृहस्थ गाढ झोपले होते, पाय पुढच्या बाकाला टेकलेले. त्यांना उठवल्याशिवाय बाहेर पडायला जागा नव्हती. "अहो," दादा म्हणाला. म्हणाला कसला, ओठ हलवले. गृहस्थांनी तोंडानं च्यक् केलं आणि मान दुसऱ्या बाजूला टाकली. थांबा आला, गेला. दादा पुन्हा खाली बसला. स्वतःची त्याला इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं, आणि तरीही त्यानं त्या माणसाच्या खांद्याला हात लावला नाही. मनात एक दुसरा आवाज त्याची समजूत काढत होता: अरे, कुणीतरी सामान आणून देणारा असेल, तिसऱ्या मजल्यावर कुणाचं काही आलं असेल, तू उगीच राईचा पर्वत करतोयस, आणि जाऊन तिला दचकवून उठवशील, तेवढंच तुझ्या हातून होईल. हा आवाज फार समजूतदार होता. दादानं आयुष्यभर त्याचंच ऐकलं होतं.

इस्पितळात पोचल्या पोचल्या त्यानं फोन लावला. वाजत राहिला. ढमी झोपली असेल. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला, आणि तिसऱ्यांदा लावताना त्याचा अंगठा थांबला, कारण झोपली असेल तर झोप मोडेल. आणि झोपली नसेल तर? खोलीबाहेर बाकावर माणसं बसली होती, कुणी खोकत होतं, कुणी हात गळ्यात बांधून. ज्या डॉक्टरबाईंच्या हाताखाली तो काम करायचा त्या पलीकडच्या खोलीत काचेआड होत्या. जाऊन सांगायचं, बाई, मला घरी जायला हवं. का? बाई, मी सकाळी दार धरलं. हे वाक्य मनात म्हणून बघितल्यावर त्याला ते वेड्याचं वाटलं. तरी तो गेला. बाई फोनवर बोलत होत्या. दादा दाराशी उभा राहिला, हात पुढं बांधून, त्यांनी बघावं म्हणून. त्यांनी बघितलं, एक बोट वर केलं, एक मिनिट. दादानं मान हलवली. बाई हसून हसून बोलत होत्या, कुणाच्या तरी लग्नाच्या साडीबद्दल असावं. भिंतीवर कुणाची तरी छाती लटकत होती, काळी पांढरी, बरगड्यांच्या मागून उजेड येत होता, आणि दादाला त्या बरगड्यांत ढमीचं मनगट दिसायला लागलं, ते वेडंवाकडं जुळलेलं हाड. असं हाड पडून मोडत नाही. पडून मोडतं ते आडवं मोडतं, हातावर भार येतो तिथं. हे पिळासारखं तिरकं मोडलेलं, कुणीतरी धरून, हळूहळू पिरगळलेलं. त्याच दिवशी त्याला ते कळलं होतं. कळलं आणि त्यानं फोटो पाकिटात घातला. बाईंचं बोलणं संपेना. "सॉरीसाहेब, बाहेर पेशंट बोंब मारतायत," मागून वॉर्डबॉय म्हणाला. इस्पितळात दादाचं नाव सॉरीसाहेब पडलं होतं, पेशंटच्या पाठीला थंड पाटी लागली तरी हा सॉरी म्हणायचा म्हणून. "सॉरी," दादा म्हणाला आणि परत आपल्या खोलीत गेला.

पहिली एक म्हातारी होती, छातीचा फोटो. दादानं तिला पाटीसमोर उभं केलं, खांदे पुढं घ्या आजी, हनुवटी वर, अशी, छान. मग शिशाच्या पडद्यामागं गेला, काचेतून बघितलं. "खोल श्वास घ्या. धरा." बटण दाबलं. आणि त्याच क्षणी त्याला त्या माणसाचे बूट दिसले. सकाळी बघितले होते पण आत्ता दिसले. ओझं घेऊन येणाऱ्या हमालाचे बूट नव्हते ते. काळे, चकचकीत, पुसलेले. पायपुसण्याला पुसून पुसून आत आला. आणि जिन्यावर त्यांचा आवाज होत नव्हता! एवढं मोठं खोकं घेऊन माणूस जिना चढतो आणि पावलांचा आवाज होत नाही? दादा पडद्यामागं उभा राहून तो जिना ऐकत होता, पहिला मजला, दुसरा मजला, मग आपलं दार, मग चाकूचं पातं, मग ते दार उघडताना करकरणारही नाही, कारण बिजागऱ्यांना तेलसुद्धा त्यानंच घातलं होतं, ढमी आल्याच्या आठवड्यात, तिची झोप मोडू नये म्हणून. ढमी आल्यापासून त्या घरात तो भुतासारखा वावरत होता. चहात साखर ढवळताना चमचा कपाला लागू द्यायचा नाही. बूट जिन्यातच काढून हातात घ्यायचे. किल्ली कुलपात बोटानं दाबून फिरवायची. खुट्ट होऊ द्यायचं नाही. स्वतःच्या ह्या मायेचं त्याला मनातून कौतुकही वाटायचं.

काचेपलीकडं काहीतरी हललं. म्हातारी अजून तशीच उभी होती. खांदे पुढं, हनुवटी वर, आणि मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ, चेहरा जांभळा. दादानं सोडा म्हटलंच नव्हतं. "सोडा! आजी, सोडा!" तो धावत बाहेर आला. म्हातारीनं भस्सकन श्वास सोडला, पाटीला धरून खाली वाकली, खोकत राहिली. दादानं तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, निम्मं तिच्या पदरावरच सांडलं. "अहो आजी, सोडायचा नाही का? जीव गेला असता ना!" म्हातारीनं डोळे पुसले आणि ओशाळं हसली. "तुम्ही कामात दिसलात, बाबा. म्हटलं, मध्येच कशाला तुमचा खोळंबा."

दादा तिच्याकडं बघत राहिला. मग कोट न घेता, कुणाला न सांगता, बाईंच्या काचेकडं न बघता तो निघाला. मागून कुणीतरी "सॉरीसाहेब! ओ सॉरीसाहेब!" म्हणून ओरडलं. परतीच्या बसमध्ये तो दारातच उभा राहिला. एका बाईच्या पायावर पाय पडला, बाई किंचाळली, "डोळे फुटले का?" आणि दादाच्या तोंडून सॉरी आलं नाही. थांब्यावर उतरताना तो ओरडला, "सरका!" लोक सरकले. इतकं सोपं असतं हे त्याला माहीत नव्हतं. मग तो पळाला. मध्यम वयाचा माणूस हातपाय उडवत पळतो तेव्हा चोरासारखाच दिसतो, आणि रस्त्यातली माणसं त्याच्या मागं बघत होती, की याच्या मागं कोण लागलंय.

इमारतीचं दार त्यानं ढकलण्याआधीच आतून उघडलं, आणि उघडून बाजूला उभा राहिला तो तोच माणूस. हातात खोकं नव्हतं. शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या, केसांना भुसा लागलेला. "या, या," तो म्हणाला. "सकाळी तुम्ही धरलंत, आता आमची पाळी. ओळखलंत का? तिसऱ्या मजल्यावर राहायला आलोय आम्ही, तुमच्या डोक्यावरच. आठवडा झाला, सामान अजून येतंच आहे. बायको म्हणते, ह्या भांड्याकुंड्यांशीच लग्न करायचं होतंत." दादा खांबाला धरून उभा राहिला. त्याला एकदम हसू आलं, मग हसताना उचकी लागली. पाट्या कशाला वाचेल, त्याचंच घर! पायात साधे रबराचे बूट होते, काळे, धुतलेले. "बरं वाटत नाही का? पाणी आणू?" "नाही, नाही. सॉरी. म्हणजे, छान. या एकदा घरी." "तुमच्याकडं कुणी राहतंय, नाही का? म्हणजे आवाज काही येत नाही, त्यावरून नव्हे, पण ही म्हणत होती दोरीवर कपडे दिसतात बाईमाणसाचे." "बहीण आहे," दादा म्हणाला आणि जिना चढायला लागला.

जीव भांड्यात पडला होता. काय वेडा आहे मी, काय वेडा आहे! आता डॉक्टरबाईंना काय सांगायचं? म्हणू, पोटात दुखायला लागलं. ढमीला काही सांगायचंच नाही. दिवसाउजेडी कसा आलास म्हणाली तर म्हणू, सुट्टी मिळाली. दुसऱ्या मजल्यावर त्यानं सवयीनं बूट काढले, हातात घेतले. किल्ली बोटानं दाबून फिरवली. दार ढकललं, ते तेलावर अलगद, जरासुद्धा आवाज न करता उघडलं, आणि त्यानं तितक्याच अलगद ते लावलं. बाहेरच्या खोलीतला बिछाना रिकामा होता. पांघरूण अर्धं खाली पडलेलं. फोन उशीपाशी. "ढमी," तो हळूच म्हणाला. घरात कुणी नव्हतं असं वाटावं इतकी शांतता. स्वयंपाकघरात नाही. न्हाणीघराचं दार सताड उघडं, तिथंही नाही. मग त्याला श्वास ऐकू आला. कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत, जिथं झाडू ठेवतात तिथं, ढमी उभी होती. भिंतीला पाठ लावून, अनवाणी, दोन्ही हातांत इस्त्री धरून, डोक्याच्या वर उचललेली. डोळे घट्ट मिटलेले.

"ढमे, मी आहे गं. दादा."

तिनं डोळे उघडले. बघितलं. हात मात्र खाली येईनात, दादानं बूट काखेत मारले, तिचे हात धरून खाली आणले, इस्त्री काढून घेतली. "वेळ नव्हती ना तुझी," ती म्हणाली. "चुकलंच माझं. फोन करायला हवा होता. केला होता, पण..." "फोन वाजला. तोच असेल म्हणून हातात घेऊन बघितलाही नाही, तेव्हापासून इथंच आहे." दादानं तिला बसवलं, पाणी आणलं, पांघरूण खांद्यावर टाकलं. "एवढी घाबरतेस? अगं, मीच तर येतो रोज." आणि तेव्हा ढमी रडायला लागली, तोंडावर हात दाबून, आवाज होऊ नये म्हणून.

"रोज इथंच उभी असते मी," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी. तू 'ढमी' म्हणेस्तोवर. मग इस्त्री ठेवते आणि बाहेर येते."

"का पण?"

"तो असाच यायचा, दादा. अस्साच. बूट हातात घेऊन. कळायचंच नाही कधी आला ते. मी भांडी घासत असायचे आणि मानेवर श्वास लागायचा. आणि मग म्हणायचा, दचकलीस का गं, माफ कर हं." तिनं नाक पुसलं. "आधी निदान तुझं दार तरी करकरायचं. ते करकरलं की मला कळायचं, कुणीतरी आलं, इस्त्री उचलायला वेळ मिळायचा. मग तू त्यात तेल घातलंस. त्या दिवशी मी इतकी रडले ना, तू गेल्यावर."

बूट अजून त्याच्या काखेत होते. "मग सांगायचंस ना मला," शेवटी तो म्हणाला, आणि हे त्याच्या तोंडून जवळजवळ रागानं आलं. "एवढे दिवस! जीव मुठीत धरून जगलीस आणि एक शब्द नाही?"

"कसं सांगू? तू माझ्यासाठी एवढं करतोस. चमचासुद्धा वाजू देत नाहीस. तुला वाईट वाटलं असतं."

वाईट. दादानं तिच्याकडं बघितलं. पाय आपटत हिंडणारी ही पोर, शिंकल्यासारखी हसणारी, आणि आता पांघरुणाच्या आत आपली मूठ चावून रडतेय, भावाला वाईट वाटू नये म्हणून. आपल्याला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती असं त्याला वाटलं, सकाळी बसमध्ये वाटली तीसुद्धा काहीच नव्हती. सकाळी दाराबाहेरच्या माणसाची भीती होती. हा माणूस घरातला होता, रोज संध्याकाळी किल्ली फिरवून आत येत होता, मायेनं.

तो उठला. "मी बाहेर जातो," तो म्हणाला. "मी गेलो की आतून कडी घाल. इथून पुढं नेहमी घाल. मी घरात नसलो की घालायची, मला उघडायला तुला उठावं लागलं तरी चालेल, रात्र असू दे नाहीतर दिवस." "आता कुठं चाललास?" "खाली. परत येतो." ढमीला काही कळलं नाही. ती त्याच्या मागोमाग दारापर्यंत आली. दादानं उंबऱ्यावर बसून बूट पायात चढवले, नाड्या करकचून बांधल्या. मागं दार लागलं. जरा वेळानं, जणू परवानगी नसल्यासारखी, कडी सरकली.

खालच्या दारापाशी पोचून तो वळला. नव्या शेजाऱ्यानं दुसरं एक खोकं आणून जिन्याच्या तळाशी ठेवलं होतं आणि त्यावर बसून घाम पुसत होता. दादाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चार माणसांत मोठ्यानं शिंकतानाही ज्याला लाज वाटायची, त्यानं इमारतीचं जड दार ओढलं आणि धाडकन आपटलं. घंट्यांच्या पाट्या थरथरल्या. शेजारी ताडकन उभा राहिला. "काय झालं हो?" पहिल्या पायरीवर दादानं पाय आपटला, मग दुसऱ्या. बुटांच्या टाचा दगडावर वाजल्या आणि वरपर्यंत घुमल्या, आणि त्या आवाजाला तो स्वतःच दचकला. तरी चढत राहिला, कठड्यावर किल्ल्या खणखणवत, पहिल्या मजल्यापर्यंत. तिथल्या वयस्कर बाईंनी दार उघडून डोकं बाहेर काढलं. "काय हे? माणसं राहतात इथं! काही रीतभात?" दादाच्या जिभेवर सॉरी आलं, ते त्यानं गिळलं, आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून वरच्या दिशेनं ओरडला, "ढमे! मी आलोय गं! दादा आलाय!" आवाज मध्येच फाटला. "पिऊन आलाय मेला," बाई म्हणाल्या. दादा पाय आपटत पुढं चढला, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही थांबला नाही, आणखी एक जिना, धप् धप् धप्, "मी आहे गं, मी!" आणि वर, तो दारापाशी पोचायच्या आधीच, आतून कडी काढल्याचा आवाज झाला.